गाडीचा ऑटो एसी तापमान चुकीचे धरतो? गॅस भरण्याआधी हे तपासा

नाशिकमध्ये एप्रिल-मे आला की गाडीच्या एसीच्या तक्रारी वाढतात. त्यातली एक तक्रार आजकाल जास्त ऐकू येते. गाडीत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल आहे, डिस्प्लेवर २४ अंश दिसतात, पण मागच्या सीटवर अम्मी-अब्बा घामाघूम होतात. किंवा याच्या उलट होते. २४ वर लावलेले असते आणि लहान मुले थंडीने कुडकुडतात. कधी पंखा आपोआप जोरात सुटतो, कधी भर उन्हात मंद होतो. गॅरेजला गेलो की बहुतेक वेळा पहिले वाक्य एकच असते, "गॅस कमी झाला असेल, भरून देतो." गॅस भरला जातो, पैसे जातात आणि आठ-पंधरा दिवसांत तक्रार पुन्हा तिथेच येते.

याचे कारण साधे आहे. ऑटो एसीमध्ये दोन वेगळी कामे चालतात. एक, हवा थंड करणे. दुसरे, किती थंड करायची ते ठरवणे. गॅस, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर पहिले काम करतात. दुसरे काम सेन्सर आणि कंट्रोल युनिट करतात. तापमानाचा अंदाजच चुकत असेल तर गॅस कितीही भरा, फरक पडणार नाही. म्हणून आधी बिघाड कोणत्या कामात आहे ते ओळखायचे आणि मगच खर्च करायचा. ही ओळख बऱ्याच अंशी घरच्या घरी, कोणतेही महागडे यंत्र न वापरता होऊ शकते.

ऑटो एसी नेमके काय करतो?

साध्या एसीत आपण पंखा १, २, ३ वर लावतो आणि गोल बटण निळ्या-लाल खुणेकडे फिरवतो. गरम वाटले की आपणच हात पुढे करतो. ऑटो एसीत आपण फक्त तापमान सांगतो. पंखा किती जोरात, हवा तोंडावर की पायावर, बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची, हे गाडी ठरवते. ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९६४ च्या गाड्यांमध्ये ती आणली होती. आपल्याकडे आधी महागड्या गाड्यांपुरती असलेली ही सोय आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळते. नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात बनलेल्या एक्सयूव्ही ३०० मध्ये २०१९ सालीच वरच्या मॉडेलला ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटसाठी वेगवेगळे तापमान लावायची सोय होती. अशा गाड्या आता सेकंडहँड बाजारातही येऊ लागल्या आहेत. म्हणून हा विषय आता सर्वसाधारण कुटुंबांचाही झाला आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डिस्प्लेवर दिसणारे २४ हे आतले खरे तापमान नसते. ती तुमची मागणी असते. आत खरोखर किती आहे ते बहुतेक गाड्या दाखवतच नाहीत. बाहेरचे तापमान वेगळ्या जागी दिसते.

गाडी तापमान कशावरून ओळखते?

साधारणपणे गाडीत पुढील सेन्सर असतात.

१. केबिन सेन्सर. हा आतल्या हवेचे तापमान मोजतो. स्टेअरिंगजवळ किंवा डॅशबोर्डच्या मधल्या भागात एक-दोन रुपयांच्या नाण्याएवढी बारीक जाळी असते, तिच्यामागे तो बसवलेला असतो. काही गाड्यांत तो वर आरशाजवळ असतो. आतली हवा त्याच्यावरून सतत वाहावी म्हणून मागे एक छोटा पंखा किंवा ब्लोअरकडे जाणारी नळी असते.

२. बाहेरचा सेन्सर. हा पुढच्या बंपरच्या आत, रेडिएटरच्या पुढे असतो. काही गाड्यांत बाजूच्या आरशाच्या खाली असतो.

३. सन सेन्सर. डॅशबोर्डवर, पुढच्या काचेजवळ छोटी काळी घुमटासारखी टिकली असते. ती तापमान मोजत नाही, ऊन मोजते. ऊन कडक पडले की गाडी त्या हिशेबाने जास्त थंडावा देते.

४. कूलिंग कॉइलचा सेन्सर. हा डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइलजवळ असतो. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तो वेळेवर कॉम्प्रेसर बंद करायला लावतो.

५. इंजिनच्या कूलंटचा सेन्सर. गरम हवा देण्यासाठी इंजिन पुरेसे तापले आहे का, हे त्यावरून कळते.

तापमान मोजणारे हे बहुतेक सेन्सर एकाच तत्त्वावर चालतात. उष्णता वाढली की त्यांचा विद्युत रोध कमी होतो, थंडी वाढली की रोध वाढतो. कंट्रोल युनिट त्या रोधावरून तापमान काढते. यातूनच एक गंमत घडते. सेन्सरची वायर तुटली किंवा कपलर निघाला तर रोध प्रचंड वाढतो आणि गाडीला वाटते की कडाक्याची थंडी पडली आहे. म्हणून कपलर निघालेल्या गाडीत बाहेरचे तापमान अनेकदा उणे ४० दिसते. काही गाड्यांत आकड्याऐवजी नुसत्या रेघा दिसतात.

आता विचार करा. रस्त्यावर ४० अंशांचे ऊन आहे आणि गाडीची समजूत आहे की बाहेर बर्फ पडतोय. खूप थंडीत कॉम्प्रेसर चालवायचा नाही, अशी सूचना अनेक गाड्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये असते. मग कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि गरम हवा येते. गॅस पूर्ण असतो, कॉम्प्रेसर चांगला असतो, तरी एसी बंद. पुढच्या बंपरचे डेंटिंग-पेंटिंग झाल्यावर कपलर परत लावायचा राहिला, तर नेमके हेच होते.

लक्षण बघा, संशय ओळखा

- ऑटोवर नीट थंड होत नाही, पण तापमान अगदी खाली म्हणजे "लो" वर लावले की मस्त थंड होते: गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत. संशय सेन्सरवर किंवा फ्लॅपवर.

- "लो" आणि पूर्ण पंखा लावूनही थंड होत नाही: आधी बाहेरच्या तापमानाचा आकडा बघा. तो बरोबर असेल तर गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सर किंवा रेडिएटरचा पंखा तपासा.

- सुरुवातीला ठीक, नंतर पंखा लवकर मंद होतो आणि गाडी गरमच राहते: केबिन सेन्सरला आत थंड झाल्याचा भास होतोय. एसीच्या जाळीतून येणारी थंड हवा कशाला तरी आपटून त्याच्यावर जात असेल.

- गारठा वाढला तरी पंखा थांबत नाही: केबिन सेन्सरला आत गरम असल्याचा भास होतोय. जाळी धुळीने बंद झाली असेल किंवा शेजारी गरम वस्तू असेल.

- रात्री ठीक, दुपारी उन्हात कमी थंड: सन सेन्सर झाकला गेला असेल.

- एका बाजूला थंड, दुसऱ्या बाजूला कोमट: त्या बाजूचा फ्लॅप अडकला असेल. मात्र गॅस कमी झाल्यावरही काही गाड्यांत असाच फरक पडतो, म्हणून दोन्ही तपासा.

- हायवेवर अर्धा-पाऊण तास छान, मग हवा यायचीच कमी होते. एसी दहा मिनिटे बंद ठेवला की पुन्हा ठीक: कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइलचा सेन्सर, एसी फिल्टर आणि गॅस तपासून घ्या.

घरच्या घरी तपासणी

यासाठी किचनमध्ये किंवा प्रयोगशाळेत वापरतात तसा एक साधा थर्मामीटर पुरतो. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही.

पहिली पायरी: सकाळची परीक्षा. गाडी रात्रभर सावलीत उभी राहू द्या. फजरनंतर, ऊन चढायच्या आत, इग्निशन ऑन करा पण इंजिन सुरू करू नका. बाहेरच्या तापमानाचा आकडा बघा आणि मोबाइलवर शहराचे तापमान किती दाखवतेय ते बघा. दोन-तीन अंशांचा फरक चालेल. आठ-दहा अंशांचा फरक असेल तर बाहेरच्या सेन्सरचे काहीतरी बिघडले आहे.

ओळखीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर असेल तर हीच परीक्षा आणखी चांगली होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बाहेरची हवा, केबिन, कूलिंग कॉइल, कूलंट, सगळे जवळपास एकाच तापमानाला आलेले असतात. म्हणून सगळ्या सेन्सरचे आकडेही जवळपास सारखेच आले पाहिजेत. जो एकटाच वेगळा आकडा सांगतो, तो चुकतोय. यासाठी एकही स्क्रू खोलावा लागत नाही.

दुसरी पायरी: "लो" ची परीक्षा. गाडी मोकळ्या जागी, सावलीत उभी करा. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. तापमान "लो" वर, पंखा पूर्ण, आतली हवा फिरवण्याचे बटण चालू, काचा बंद. दहा मिनिटांनी मधल्या जाळीत थर्मामीटर धरा. नाशिकच्या साधारण हवेत दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली आकडा आला तर थंड करणारी यंत्रणा ठीक आहे असे समजा. भर मे महिन्यात बाहेर ४० असताना तो थोडा वर राहील. पण २० च्या खाली यायलाच तयार नसेल, तर गॅरेजला जाणे भाग आहे.

तिसरी पायरी: ऑटोची परीक्षा. आता तापमान २५ वर लावून "ऑटो" दाबा आणि पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवा. थर्मामीटर पुढच्या दोन सीटच्या मध्ये, डोक्याच्या उंचीवर, पण हवेचा झोत थेट लागणार नाही असा धरा. ड्रायव्हरने स्वतः हे करू नये, शेजारी बसलेल्याने करावे. आकडा २३ ते २७ च्या दरम्यान स्थिर राहिला तर गाडीचा अंदाज बरोबर आहे. दुसरी परीक्षा पास आणि तिसरी नापास, म्हणजे बिघाड सेन्सर किंवा फ्लॅपच्या बाजूला आहे. अशा वेळी गॅस भरू नका.

केबिन सेन्सर: धूळ आणि मोबाइल होल्डर

केबिन सेन्सरच्या जाळीतून हवा आत ओढली गेली पाहिजे. टिश्यू पेपरचा बोटाएवढा तुकडा जाळीवर धरा आणि पंखा मध्यम वेगाला लावा. ज्या गाड्यांत हवा ओढण्याची सोय आहे, त्यांत कागद जाळीला हलका चिकटतो. चिकटत नसेल तर जाळी धुळीने बंद आहे, नळी निसटली आहे किंवा छोटा पंखा बंद पडला आहे. मग सेन्सर केबिनची नाही, तर डॅशबोर्डच्या आतल्या साचलेल्या हवेची उष्णता मोजत बसतो.

आपल्याकडे हायवेची कामे, बांधकामे आणि शेतरस्त्यांची धूळ कमी नाही. गाडीतल्या कपड्यांचे आणि मॅटचे तंतूही त्या जाळीत जाऊन बसतात. व्हॅक्यूम क्लीनर हलका लावून किंवा मऊ ब्रशने जाळी साफ करा. कॉम्प्रेसरच्या हवेचा जोरदार झोत मारू नका, सेन्सर नाजूक असतो. पाणी किंवा पॉलिशचा स्प्रेही तिथे मारू नका.

सेन्सर काम करतोय का ते बघायचे असेल तर गाडी आतून थंड झाल्यावर जाळीसमोर हेअर ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ दुरून धरा. पंखा हळूहळू जोर धरला पाहिजे. काहीच बदल झाला नाही तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासून घ्यावी लागेल.

आणि मोबाइल होल्डर बघा. होल्डर एसीच्या जाळीवर लावला की थंड हवा मोबाइलला आपटून वळते आणि कधी कधी थेट सेन्सरवर जाते. सेन्सरला वाटते गाडी थंड झाली. चार्जिंगला लावलेला गरम मोबाइल सेन्सरला खेटून असेल तर नेमके उलटे होते. होल्डरची जागा बदलली की अनेकदा तक्रार तिथेच संपते.

सन सेन्सर: डॅशबोर्ड ही शोकेस नाही

डॅशबोर्डवर आपण काय काय ठेवतो ते आठवा. टिश्यूचा डबा, अत्तराची बाटली, काबा शरीफची छोटी प्रतिकृती, तसबीह, पार्किंगच्या पावत्या, मखमली कापड. यातली एखादी वस्तू सन सेन्सरवर आली की गाडीला ऊन दिसतच नाही. मग भर दुपारीही ती सावलीत असल्यासारखी वागते.

ज्या गाड्यांत सन सेन्सर आणि हेडलाइट आपोआप लावणारा सेन्सर एकाच ठिकाणी असतात, त्यांत एक सोपी खूण मिळते. भर दुपारी हेडलाइट "ऑटो" वर आपोआप लागत असतील तर सेन्सरवर काहीतरी ठेवलेले आहे. ती टिकली कोरड्या मऊ कपड्याने पुसा. डॅशबोर्डच्या पॉलिशचा तेलकट थरही तिच्यावर नको.

तपासणीसाठी गाडी उन्हात उभी करून ऑटो लावा. पंखा स्थिर झाला की सेन्सरवर जाड काळे कापड ठेवा. थोड्या वेळाने पंखा किंवा थंडावा किंचित कमी झाला पाहिजे. मोबाइलच्या टॉर्चने ही परीक्षा करू नका. एलईडीच्या उजेडात उन्हातली इन्फ्रारेड किरणे फारशी नसतात, त्यामुळे चांगला सेन्सरही दाद देत नाही.

काचेला गडद फिल्म लावली की ऊन कमी लागते हे खरे, पण पुढच्या काचेवरच्या फिल्ममुळे सन सेन्सरचाही हिशेब बदलतो. शिवाय पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. उभ्या गाडीला सनशेड लावणे हा सोपा आणि कायदेशीर उपाय.

बाहेरचा सेन्सर: द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये ४६ अंश?

द्वारका सर्कलला किंवा मुंबई नाक्याला गाडी अडकली की डिस्प्लेवर बाहेरचे तापमान ४५-४६ दिसू लागते. लगेच सेन्सर खराब आहे असे समजू नका. इंजिनची, रेडिएटरची आणि डांबराची उष्णता त्या सेन्सरला लागते. म्हणूनच अनेक गाड्या कमी वेगात हा आकडा मुद्दाम हळू बदलतात. गाडी हायवेला लागून दहा-पंधरा मिनिटे झाली की आकडा खाली येतो. तो खाली येत नसेल किंवा कायम एकाच आकड्यावर अडकला असेल, तर सेन्सर तपासा.

बंपरला ठोकर बसली असेल, पुढे जादा लाइट किंवा गार्ड लावला असेल, किंवा नुकतेच पेंटिंगचे काम झाले असेल तर आधी कपलर बघायला सांगा. सेन्सर क्लिपमधून निसटून रेडिएटरला टेकलेला असणे, हेही नेहमीचेच. ही काही मिनिटांची पाहणी आहे.

फ्लॅप: टिक-टिक आवाज येतो का?

डॅशबोर्डच्या आत थंड आणि गरम हवेचे मिश्रण करणारा एक फ्लॅप असतो. तो छोट्या मोटरने फिरतो. सेन्सर सगळे चांगले असूनही हा फ्लॅप मध्येच अडकला तर थंड हवेत इंजिनची गरम हवा मिसळत राहते. तापमान "लो" वरून "हाय" वर आणि परत "लो" वर न्या. हवा स्पष्टपणे गरम आणि मग थंड झाली पाहिजे. आतून टिक-टिक किंवा कटकट आवाज येत असेल तर मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटले असण्याची शक्यता असते.

बॅटरी बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर हे खास लक्षात घ्या. बॅटरी काढली की काही गाड्या फ्लॅपची जागा विसरतात. स्कॅनरने किंवा कंपनीने दिलेल्या बटणांच्या क्रमाने ती पुन्हा शिकवावी लागते. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. यासाठी नवा पार्ट लागत नाही.

काही गाड्यांत एसीच्या पॅनेलमध्येच सेल्फ-टेस्ट असते. टोयोटाच्या अनेक मॉडेलमध्ये "ऑटो" आणि आतली हवा फिरवण्याचे बटण एकत्र दाबून धरून इग्निशन ऑन केले की पॅनेल कोड दाखवते. त्यात साधारणपणे ११ म्हणजे केबिन सेन्सर, १२ म्हणजे बाहेरचा सेन्सर, १३ म्हणजे कूलिंग कॉइलचा सेन्सर आणि २१ म्हणजे सन सेन्सर. अंधारात किंवा शेडमध्ये तपासणी केली तर २१ हा कोड सेन्सर चांगला असतानाही येतो. म्हणून ही टेस्ट उन्हात करा, नाहीतर विनाकारण सेन्सर बदलला जाईल. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

गॅस खरंच कमी असेल तर

गाडीतला एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. वर्षानुवर्षांत अगदी थोडा झिरपतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी ओतणे. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो. हवेत सुटल्यावर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे ही गळती फक्त आपल्या खिशाला लागत नाही.

गॅरेजला जाताना या चार गोष्टी विचारा.

- गळती तपासली का? कशाने तपासली?

- गॅस वजनावर भरणार की अंदाजाने? किती ग्रॅम भरायचा ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले असते. जास्त गॅस भरला तरी थंडावा कमी होतो.

- गाडीत कोणता गॅस आहे आणि तोच भरणार ना? वेगवेगळे गॅस एकमेकांत मिसळू नयेत.

- एसी फिल्टर आणि कंडेन्सर बघितला का? फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो धुळीने भरला तर गॅस पूर्ण असूनही हवा कमी येते.

मिस्त्रीला "एसी थंड करत नाही" एवढेच सांगू नका. "लो वर मधल्या जाळीत नऊ अंश येतात, पण २५ ऑटोवर गाडी ३० च्या खाली येत नाही, बाहेरचा आकडा बरोबर आहे," असे सांगा. चांगला मिस्त्री लगेच योग्य जागी हात घालेल. आणि जो हे ऐकूनही थेट गॅसची नळी जोडायला निघेल, त्याच्याबद्दल काय ते तुम्हीच ठरवा.

स्वतः काम करताना एक मर्यादा पाळा. जाळी पुसणे, फिल्टर बदलणे, वस्तू हलवणे इथपर्यंत ठीक आहे. डॅशबोर्ड किंवा स्टेअरिंगच्या आसपासचे पॅनेल उघडू नका, तिथे एअरबॅगच्या वायरी असतात. गॅसच्या नळ्यांना तर हात लावूच नका, आत जोरदार दाब असतो.

नाशिकचे तीन ऋतू, एकच बटण

उन्हाळ्यात मालेगावला लग्नाला निघालो की चांदवडच्या पुढे, राहुड घाट उतरल्यावर उकाडा जाणवू लागतो. नाशिकपेक्षा मालेगावचा उन्हाळा कडक असतो. नाशिकमध्ये जेमतेम काम चालवणारा एसी तिथे उघडा पडतो. म्हणून वरच्या तीन परीक्षा लांबच्या प्रवासाआधी दोन-चार दिवस करून घ्या. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी सगळ्या काचा उघडून मिनिट-दोन मिनिटे गाडी चालवा, तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग ऑटो लावा. सुरुवातीला गाडी पंखा पूर्ण सोडते, तो बिघाड नाही. तापमान घाईने १८ वर नेऊन गाडी जास्त लवकर थंड होत नाही. २४-२५ वर ठेवा आणि पाच-दहा मिनिटे वाट बघा.

पावसाळ्यात इगतपुरी-कसाऱ्याला काचा धुरकट होतात. तेव्हा बाहेर गारवा असूनही ऑटो एसी कॉम्प्रेसर चालवतो, कारण तो हवेतला दमटपणा काढतो. तो बंद करू नका. पुढच्या काचेचे डिफॉग बटण दाबा आणि बाहेरची हवा घ्या.

हिवाळ्यात निफाडकडे पारा एक अंकी आकड्यावर येतो. पहाटे ऑटो लावला आणि पंखा फिरलाच नाही तर घाबरू नका. इंजिन तापेपर्यंत थंड हवा अंगावर येऊ नये म्हणून अनेक गाड्या मुद्दाम थांबतात.

मागच्या सीटवर कोण बसलंय?

केबिन सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढे असतो. त्यामुळे सगळे सेन्सर अगदी ठीक असले तरी गाडी पुढच्या सीटचाच विचार करते. मागे उन्हाच्या बाजूला बसलेल्या दादीजानला किंवा रोजा असलेल्या अब्बांना काय वाटतंय ते गाडीला कळत नाही. मागे एसीच्या जाळ्या नसतील तर मधल्या दोन जाळ्या वरच्या दिशेने करा, म्हणजे थंड हवा पुढच्या सीटच्या वरून मागे जाईल. मागच्या काचेला काढता येणारे शेड दिवसा लावा. आणि अधूनमधून विचारा. वयस्कर माणसे आणि लहान मुले उकाड्याने चटकन थकतात, आणि बरीच वडीलधारी मंडळी तक्रार करतच नाहीत.

लहान मुलांना बंद गाडीत "दोन मिनिटांसाठी" म्हणूनही सोडू नका, एसी चालू असला तरी नाही. उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी वाढू शकते. इंजिन बंद पडले किंवा एसीने दगा दिला तर मुलाला स्वतःहून बाहेर पडता येत नाही.

सेकंडहँड गाडी घेताना

ऑटो एसी असलेली जुनी गाडी बघायला सकाळी जा. थंड गाडीतच बाहेरच्या तापमानाचा आकडा तपासा. मग "लो", "हाय" आणि २५ ऑटो, तिन्ही लावून बघा. मालक किंवा एजंट "फक्त गॅस भरायचाय" म्हणाला तर गॅस त्यालाच भरून द्यायला सांगा आणि दोन आठवड्यांनी परत तपासण्याची बोली करा. गॅस टिकला आणि २५ ऑटोवर गाडी २५ च्या आसपास राहिली, तर त्याचे म्हणणे खरे. नाहीतर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मगच व्यवहाराचे बोला.